सैनिकी शिक्षण आणि मुलींचीं हाडें



आमचें नातेपुतें हें पुण्याहून पंढरपुरास जाणाऱ्या वाटेवरचें गांव. आषाढांत ज्ञानेश्वर माउलींची पालखी येथें मुक्कामास येते, आणि त्या रात्रीं गांवांतील प्रत्येक ओटा वारकऱ्यांनीं भरून जातो. शिक्षक असतांना दरसाल मीं माझ्या विद्यार्थ्यांकडून त्यांच्या पायांना तेल लावण्याची सेवा करून घेतली. त्या निमित्तानें हजारों पाय पाहण्यांत आले. त्यांत एक गोष्ट मला नेहमीं नवलाची वाटे. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन आलेली साठ वर्षांची म्हातारी खुशाल पाय पसरून अभंग म्हणत बसलेली असे, आणि शहरांतून पहिल्यांदाच वारीस निघालेला पंचविशींतला धडधाकट तरुण मात्र भिंतीचा आधार घेत लंगडत असे. शक्ति कोणाची अधिक, हें सांगावयास नको. पण म्हातारीच्या हाडांना वाट ठाऊक होती. तरुणाच्या हाडांना ती अचानक येऊन भिडली होती.

आज मला जो विषय आपणांपुढें मांडावयाचा आहे, त्याचें मर्म या दोन पायांत आहे. विषय असा कीं, सैनिकी शिक्षण घेणाऱ्या मुलींना ज्या इजा होतात त्या कां होतात, आणि त्या टाळाव्यात कशा. हा विषय एखाद्या वैद्यानें मांडावा, मास्तरानें कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण पुढें ओघानें येईल.

आमच्या माळशिरस तालुक्यांत पहांटे पांच वाजतां बाहेर पडलांत तर आपणांस रस्त्यानें धांवणाऱ्या मुली दिसतील. कोणी पोलीस भरतीसाठीं, कोणी सैन्यासाठीं. ही वाट मुलींना फार उशिरां मोकळी झाली. १९४३ सालीं सिंगापुरांत आझाद हिंद सेनेची राणी झांशी पलटण उभी राहिली होती खरी, परंतु वैद्यकीय सेवा वगळतां भारतीय सैन्याच्या इतर शाखांत अधिकारी म्हणून स्त्रियांना घेण्यास १९९२ साल उजाडावें लागलें. साध्या शिपायाच्या पदावर लष्करी पोलिसांत मुलींची पहिली तुकडी बंगळुरास शिकून बाहेर पडली ती २०२१ च्या मे महिन्यांत. त्या तुकडींत ८३ जणी होत्या. त्याच वर्षीं ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा मुलींस देऊं द्यावी असा आदेश दिला. २०२२ सालीं तेथें १९ मुली दाखल झाल्या, आणि ३० मे २०२५ रोजीं त्यांतील १७ जणी मुलांच्या बरोबरीनें संचलन करून बाहेर पडल्या. खडकवासला आमच्यापासून चार-साडेचार तासांच्या अंतरावर. तेव्हां ही दूरदेशची वार्ता नव्हे, घरचीच गोष्ट आहे.

आतां माझी गोष्ट. माझी एक नात अशीच पहांटे धांवत असे. भरतीच्या चांचणीस १६०० मीटर साडेसात मिनिटांत धांवणें म्हणजे पहिला गट. घड्याळ घेऊन कालव्याच्या पुलावर मीच उभा राहत असें. एके दिवशीं ती म्हणाली, "आबा, नडगी ठणकतीय." मीं उत्तर दिलें, "सोस पोरी. शिपायास सोसावेंच लागतें." तीस-पस्तीस वर्षें मैदानावर मुलांना मीं हेंच सांगत आलों होतों. तिनें सोसलें. निवड झाली, प्रशिक्षण केंद्रांत गेली, तेथेंही सोसलें. आणि सहाव्या आठवड्यांत एका सकाळीं धांवतांना खालीं बसली ती उठेना. नडगीच्या हाडास चीर गेलेली होती. रजेवर घरीं आली तेव्हां तिच्या पायाकडे पाहण्याचें मला धैर्य होईना. तेव्हांपासून या विषयावरचें जें मिळेल तें मीं वाचलें, डॉक्टरांना विचारून घेतलें, आणि त्यांतून जें समजलें तें सांगावयास आज येथें बसलों आहें.

या दुखण्याला डॉक्टर स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पडल्यानें किंवा आपटल्यानें हाड मोडतें तसें हें नव्हे. १८५५ सालीं प्रशियाच्या सैन्यांतील ब्राइटहाउप्ट नांवाच्या डॉक्टरानें लांब कूच करून आलेल्या शिपायांच्या सुजलेल्या, ठणकणाऱ्या पावलांचें वर्णन लिहून ठेवलें. त्याला कारण उमगलें नाहीं, कारण हाडाच्या आंत पाहण्याचें साधनच नव्हतें. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर १८९७ सालीं कळलें कीं, त्या पावलांतलीं बारीक हाडें मोडलेलीं असत.

हाड न आपटतां कसें मोडतें? आपण हाडास दगडासारखें समजतों, तेथेंच चूक होते. हाड जिवंत आहे. त्यावर नवा भार पडूं लागला म्हणजे शरीर त्याची डागडुजी सुरू करतें, आणि ती रस्त्याच्या दुरुस्तीसारखी असते. मजूर प्रथम जुना रस्ता खणतात, मग खडी भरतात, मग रोलर फिरवितात. हाडांतही जुना भाग खणून काढणाऱ्या पेशी आधीं कामाला लागतात, आणि भरणाऱ्या पेशी मागाहून सावकाश येतात. खणणें कांहीं आठवड्यांत उरकतें. भरून पक्कें होण्यास तीन महिने किंवा अधिकही लागतात. मधल्या काळांत हाड पूर्वीपेक्षां कच्चें असतें. आतां अशा खणलेल्या रस्त्यावरून कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांची रांग रात्रंदिवस चालूं ठेवली तर काय होईल? प्रशिक्षणाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पुढें या इजा वाढूं लागतात, त्याचें कारण हेंच. माझ्या नातीच्या बाबतींत तर खणणें आमच्या कालव्याच्या पुलावरच सुरू झालें होतें, आणि तें मला कळूनही मीं गाड्या थांबविल्या नाहींत.

मग हें मुलींनाच अधिक कां? मूलभूत सैनिकी शिक्षणांत मुलींना मुलांच्या सुमारें दुप्पट इजा होतात, असें अमेरिकेंतील सैन्याच्या पाहणींत आढळलें आहे. एवढें ऐकून कांहीं मंडळी मान डोलवितात आणि म्हणतात, "पाहा, आम्ही म्हणत नव्हतों?" त्यांनीं पुढचें वाक्यही ऐकावें. त्याच पाहणींत भरतीच्या वेळीं ज्यांचा दमसास सारखा होता अशा मुलामुलींची तुलना केली, तेव्हां हा फरक जवळजवळ नाहींसा झाला. म्हणजे बराचसा दोष बाईपणाचा नसून तयारीचा होता. मुलगा लहानपणापासून उंडारत असतो, झाडावर चढतो, क्रिकेट खेळतो. मुलगी बाराव्या वर्षीं घरांत येते आणि अठराव्या वर्षीं एकदम धांवूं लागते. तिच्या हाडांना वाट ठाऊक करून देण्यास आपणच विसरलेलों असतों.

तथापि सगळाच फरक तयारीचा आहे असेंही नाहीं. येथें पावलाचा हिशेब येतो, आणि हिशेब म्हटला कीं मास्तराला राहवत नाहीं. लष्करी कवाइतींत तेज चालीचें पाऊल तीस इंचांचें आणि गति मिनिटास एकशेंवीस पावलांची. माझ्या नातीची उंची पांच फूट चार इंच. घरीं आल्यावर, चालावयास लागल्यानंतर, अंगणांत खडूच्या रेघा मारून मीं तिचें सहज पाऊल मोजलें. तें सव्वीस इंच भरलें. म्हणजे तीस इंचांच्या रांगेंत प्रत्येक पावलास ती चार इंच उसने घेत होती. तासाभराच्या संचलनांत सात हजार दोनशें पावलें पडतात. चार इंचांप्रमाणें अठ्ठावीस हजार आठशें इंच, म्हणजे चोवीसशें फूट. हें कर्ज कोण फेडतें? नडगी, खुबा आणि कमरेखालचीं हाडें. उंच मुलें पुढें आणि ठेंगण्या मुली मागें अशी रांग असली, तर मागच्या मुली अर्धवट उड्या मारीतच चालतात. स्त्रियांमध्यें ओटीपोटाच्या तळच्या हाडास चीर पडण्याचा जो प्रकार दिसतो, त्याचें एक कारण हें ताणलेलें पाऊल होय.

यावर उपाय आहे, आणि तो करून पाहिलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यांत भरती झालेल्या मुलींपैकीं शेंकडा ११.२ जणींना ओटीपोटाच्या हाडाची ही इजा होत असे. तेथील मंडळींनीं काय केलें? कूच करण्याचा वेग ताशीं साडेसात किलोमीटरांवरून पांचावर आणला; प्रत्येकीस आपआपल्या पावलानें चालूं दिलें; रांगेंतील अंतर वाढविलें; आणि धांवण्याचा सराव शक्य तेथें मऊ जमिनीवर नेला. इजेचें प्रमाण शेंकडा ११.२ वरून ०.६ वर आलें. औषध नाहीं, यंत्र नाहीं, पैसा नाहीं. वेळापत्रकांत आणि रांगेंत फेरफार केला, एवढेंच.

याच्या उलट उदाहरण ब्रिटनचें. तेथें १९९८ च्या सुमारास, स्त्रीपुरुषांस एकच माप लावावें या चांगल्या हेतूनें, सैन्यांतील मुलींचें शिक्षण मुलांबरोबर तंतोतंत एक केलें. परिणाम असा झाला कीं, अतिश्रमाच्या इजेमुळें वैद्यकीय कारणानें घरीं पाठविल्या जाणाऱ्या मुलींचें प्रमाण शेंकडा ४.६ वरून ११.१ वर गेलें. मुलांचें दीडाच्या आंतच राहिलें. पुढें २०१३ सालीं तेथील हवाई दलांतील तिघी माजी प्रशिक्षणार्थी स्त्रियांना, पुरुषांच्या पावलानें चालावयास लावल्यामुळें झालेल्या इजेबद्दल, मोठी नुकसानभरपाई द्यावी लागली. समता म्हणजे सर्वांच्या पायांत एकाच मापाचा बूट घालणें नव्हे, हें आम्हां शिक्षकांना वर्गांत रोज दिसत असतें. शेवटची परीक्षा सर्वांची एकच असावी. परंतु त्या परीक्षेपर्यंत पोंचण्याचा जिना प्रत्येकाच्या पायाला झेपेल असा असावा.

आतां घरांत काय करतां येईल तें पाहूं. कारण केंद्रांतील वेळापत्रक आपल्या हातीं नसतें, स्वयंपाकघर असतें.

पहिली गोष्ट रक्ताची. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींच्या अंगांत रक्त कमी आहे. अशा मुलीस धांवतांना धाप लवकर लागते, दमलेले स्नायू हाडांचा भार उचलीत नाहींत, आणि धक्का सरळ हाडावर येतो. म्हणून सरावास आरंभ करण्यापूर्वींच सरकारी दवाखान्यांत हिमोग्लोबिन तपासून घ्यावें. कमी असल्यास लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें घ्याव्यात. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची आपल्याकडील संवय मोडावी, कारण चहानें अन्नांतील लोह अंगीं लागत नाहीं; उलट लिंबू किंवा आवळा घेतल्यास तें चांगलें लागतें.

दुसरी गोष्ट हाडांच्या अन्नाची. अमेरिकेच्या नौदलांत भरती झालेल्या ५,२०१ मुलींवर एक प्रयोग झाला. निम्म्या मुलींना आठ आठवडे रोज २,००० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, आणि ८०० एकक ड जीवनसत्त्व दिलें. त्यांच्यांत हाडाची चीर पांचव्या हिश्शानें कमी आढळली. आपल्याकडे दूध, ताक, तीळ, नाचणी हीं चुन्याचीं उत्तम भांडारें. आमच्या सोलापुराकडे ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मुबलक. पण त्यांत चुना थोडा, म्हणून ताटांत दुधा-ताकाची जोड हवी. मांसाहार करणाऱ्या घरांत अंडीं, मासे द्यावेत. ड जीवनसत्त्व उन्हांतून मिळतें, परंतु पहांटे अंधारांत धांवून दिवसभर अभ्यासिकेंत बसणाऱ्या मुलीस तें पुरेसें मिळतें असें समजूं नये.

तिसरी गोष्ट थोडी संकोचाची आहे, तरी आजोबा म्हणून बोलतों. पुष्कळ मुली वजन वाढेल या भीतीनें कमी जेवतात आणि दुप्पट धांवतात. असें झालें म्हणजे शरीर काटकसर करूं लागतें आणि मासिक धर्म अनियमित होतो किंवा थांबतो. कांहीं मुलींना ही सोयच वाटते. ती सोय नव्हे. हाडांचें रक्षण करणारा अंतःस्राव आटल्याची ती खूण आहे. पाळी तीन महिने चुकली तर धांवणें कमी करून अन्न वाढवावें आणि डॉक्टरांस दाखवावें. ही गोष्ट आईनें मुलीस मोकळेपणानें विचारावी. आमच्या घरांत कोणी विचारली नव्हती.

सराव कसा वाढवावा? भरतीची जाहिरात आल्यावर दोन महिन्यांत तयारी करण्याची आपली पद्धत हाडांच्या दृष्टीनें सर्वांत वाईट. निदान सहा महिने हवेत. आरंभ चालण्यानें करावा, मग चालणें-धांवणें आलटून पालटून, आणि तीन आठवडे वाढविल्यावर एक आठवडा हलका ठेवावा, म्हणजे खणलेल्या रस्त्यांत खडी भरण्यास सवड मिळते. पालखीच्या निमित्तानें आमचा रस्ता आतां रुंद व पक्का झाला, ही आनंदाची गोष्ट. पण धांवण्यासाठीं कालव्याकडेची मातीची वाट त्याहून बरी. आठवड्यांतून दोन दिवस उठाबशा, जिना चढणें, ओझें उचलणें असले व्यायाम करावेत. उडी मारल्यावर गुडघे आंत न वळवितां, किंचित् वांकवून, हलकेंच उतरण्यास शिकावें; गुडघ्याच्या आंतील दोरी तुटण्याची इजा मुलींत मुलांपेक्षां कितीतरी अधिक होते, आणि ती बरीचशी चुकीच्या उतरण्यानें होते. झोंप सहा तासांहून कमी होऊं देऊं नये. इस्रायलच्या सैन्यानें किमान सहा तास झोंप आणि एकंदर चालण्यावर मर्यादा असे दोनच नियम कडकपणें पाळले, तेव्हां तेथील शिपायांत हाडाच्या चिरा निम्म्याहून अधिक कमी झाल्या.

बुटांविषयीं थोडक्यांत. मुलींची टाच अरुंद असते. पुरुषांच्या सांच्यावरचा लहान बूट म्हणजे मुलीचा बूट नव्हे. नवे बूट घरींच घालून मोडून घ्यावेत, मोजे कोरडे ठेवावेत. फोड आला तर वरचें कातडें सोलूं नये.

आतां दुखणें ओळखावें कसें? नडगीच्या आंतल्या कडेनें चार-पांच बोटें लांबीवर पसरलेलें, थोडें चालल्यावर कमी होणारें दुखणें बहुधा स्नायू व हाडावरील पडद्याचें असतें. सराव कमी केला कीं तें शमतें. परंतु एका बोटाच्या टोकाखालीं मावेल एवढ्या जागीं हाड दाबल्यास कळ येत असेल, धांवतांना दुखणें वाढत जात असेल, किंवा रात्रीं निजल्यावरही ठणका लागत असेल, तर ती चीर समजून त्याच दिवशीं धांवणें बंद करावें. क्ष-किरणांच्या चित्रांत पहिले दोन-तीन आठवडे कांहींच दिसत नाहीं, आणि "चित्र साफ आहे, पळ" असें ऐकून पुष्कळ मुली फसतात. शंका असल्यास एम. आर. आय. करावा लागतो. सर्वांत धोक्याची जागा म्हणजे जांघ. चालतांना जांघेंत खोल कळ येत असेल तर खुब्याच्या हाडाची मान चिरली असण्याचा संभव असतो. अशा मुलीस एक पाऊलही चालूं न देतां उचलून दवाखान्यांत न्यावें. तेथें दुर्लक्ष झाल्यास हाड पुरतें मोडून जन्माचें अधूपण येऊं शकतें.

घोटा मुरगळला तर थंड पाण्याच्या पट्ट्या, हलका बांध आणि पाय उंच ठेवणें एवढें पुरतें. पण चार पावलें टाकणें अशक्य झालें तर चित्र काढून घ्यावें. आणि एक विनंती: दुखऱ्या नडगीस तेल लावून जोरानें चोळूं नका. वारकऱ्याच्या थकल्या पोटरीस तेल चालतें, चिरलेल्या हाडास चालत नाहीं. वेदनाशामक गोळी घेऊन धांवणें तर त्याहून वाईट. घरास आग लागली असतां ओरडणाऱ्या राखणदाराचें तोंड बांधण्यासारखें तें आहे.

नडगीची चीर बहुधा सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीनें भरते, कधीं अधिकही लागतात. या काळांत बसून राहण्याचें कारण नाहीं. पोहणें, दुखत नसेल तर सायकल, हातांचे व कमरेचे व्यायाम यांनीं दमसास टिकतो. मग वेदनेविना चालणें, त्यानंतर एक मिनिट धांवणें व दोन मिनिटें चालणें, असें पायरीपायरीनें वर चढावें.

हें सर्व ठाऊक असूनही मुली दुखणें लपवितात. कां लपवितात, हें मीं नातीस विचारलें. ती म्हणाली, "आबा, आजारी म्हटलं की मागच्या तुकडीत टाकतात. बरोबरच्या पुढं जातात. आणि सगळे म्हणतात, मुलगी होती म्हणून." या तिसऱ्या वाक्याचें ओझें पाठीवरील पिट्ठूहून जड असतें. चौथ्या आठवड्यांत सांगितलें असतें तर पंधरा दिवसांची विश्रांति पुरली असती; सहाव्यांत कोसळल्यानें साडेतीन महिने गेले. जे उस्ताद रोज सकाळीं तुकडीस "कोणाचें दुखतें?" असें रागावून नव्हे तर हिशेबानें विचारतात, त्यांच्या तुकड्यांत शेवटपर्यंत माणसें अधिक उरतात, असें एका निवृत्त सुभेदारांनीं मला सांगितलें. मास्तर म्हणून मीं तो प्रश्न तसा कधीं विचारला नव्हता.

नात आतां परत गेली आहे, मागच्या तुकडींत. जाण्यापूर्वीं आठ दिवस रोज सकाळीं आम्ही दोघें कालव्याच्या वाटेनें जात असूं. घड्याळ माझ्या खिशांतच राही. ती धांवून आली कीं मी आधीं तिला नडगीवर बोट ठेवून दाबावयास सांगत असें, आणि मग वेळ विचारीत असें. अंगणांतल्या खडूच्या रेघा पहिल्याच पावसांत धुऊन गेल्या. पण ते सव्वीस इंच तिनें एका वहींत लिहून बरोबर नेले आहेत.